मदत हवी आहे: क्ष² + य³ ची मोनोड्रोमी सहा वेळा लावली की कडेवर पीळ उरतो का?

नमस्कार मंडळी,

गेले पंधरा दिवस एकाच उदाहरणापाशी अडकलोय. फलन क्ष² + य³, दोन्ही चलं संमिश्र, मूळबिंदूपाशी एकुलती एक सिंग्युलॅरिटी (जिथे वक्र गुळगुळीत राहत नाही असा बिंदू). भोवती छोटा गोल घेतला की क्ष² + य³ = ० हा वक्र त्याला ट्रेफॉइल गाठीत (तीन पाकळ्यांची सर्वांत साधी गाठ) छेदतो. हे गणिती ब्राउनरने १९२८ मध्येच दाखवलं होतं, ते समजलं.

मिलनॉर फायबर, म्हणजे क्ष² + य³ = त (त लहान, पण शून्य नाही), मी स्वतः कागदावर काढला. काढताना फार आनंद झाला. य च्या चकतीवर दोन थर, आणि य³ = त होतं त्या तीन ठिकाणी ते एकमेकांना चिकटतात. म्हणून ऑयलर अंक (पृष्ठाचे त्रिकोण पाडले की शिरोबिंदू − कडा + त्रिकोण) २ − ३ = −१. गाठ एकसंध, म्हणून कड एकच. थोडक्यात, एक भोक पाडलेला टोरस (मेदूवड्याचा पृष्ठभाग). मिलनॉर अंकही (फायबरमधल्या स्वतंत्र वर्तुळांची संख्या; इथे दोन्ही घातांकांतून एक-एक वजा करून गुणाकार) जुळतो: १ × २ = २.

घोळ पुढे आहे. त ला शून्याभोवती एक फेरी मारली की फायबर स्वतःवरच परत येतो, पण त्याचे बिंदू जागा बदलतात; या बदलाला मोनोड्रोमी म्हणतात. इथे क्ष चा −क्ष होतो आणि य १२० अंशांनी फिरतो. सहा फेऱ्यांत प्रत्येक बिंदू आपल्या जागी परत, म्हणजे सहावा घात (मोनोड्रोमी सहा वेळा लावणं) आयडेंटिटी, काहीच न बदलणारी.

पण फलन किंचित हलवून दोन साधे क्रांतिक बिंदू (जिथे फलनाचे दोन्ही आंशिक विकलज शून्य होतात) केले, तर मोनोड्रोमी दोन डेन ट्विस्टांचा गुणाकार येते. डेन ट्विस्ट म्हणजे पृष्ठ एका वर्तुळावर कापून, एका बाजूला पूर्ण फेरीचा पीळ देऊन परत चिकटवणं. त्यांची वर्तुळं एकमेकांना एकदाच छेदतात. या गुणाकाराचा सहावा घात आयडेंटिटी नाही, तो कडेला समांतर वर्तुळावरचा डेन ट्विस्ट आहे!

माझा अंदाज असा की पहिल्या वाटेत कड स्थिर राहत नाही. कडेपाशी क्ष ≈ स³, य ≈ −स² धरलं तर एका फेरीत स ६० अंश सरकतो. कड जागच्या जागी धरायची तर लगतच्या पट्टीला एक षष्ठांश पीळ द्यावा लागेल, आणि सहा वेळा मिळून पूर्ण पीळ होईल. होमॉलॉजीला (पृष्ठाच्या एखाद्या तुकड्याची कड असलेली वर्तुळं शून्य धरणारा हिशेब) तो दिसणारच नाही, कारण कड स्वतः तिथे शून्य आहे.

हे बरोबर आहे का? आणि पट्टीतला पीळ डेन ट्विस्टांच्याच दिशेचा येतो हे नीट कसं दाखवायचं? दोनदा हिशेब केला, दोन्ही वेळा वेगळं चिन्ह आलं. क्ष² + य⁴ ला कडा दोन आहेत. तिथे चौथ्या घातात दोन्ही कडांवर एकेक पूर्ण पीळ यायला हवा असं वाटतंय, कोणी पडताळून सांगाल का?