पुणे ते गणपतीपुळे सायकलने: मार्ग किती आखावा, किती मोकळा ठेवावा?

मोकळी_वाट:
येत्या डिसेंबरात आम्ही तिघे पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून, पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, दाभोळ, गुहागर असे किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत पाच दिवसांत सायकलने जाणार आहोत. आमच्यापैकी एकाने रोजचे किलोमीटर, चढ आणि चहाचे थांबेसुद्धा लिहिलेला तक्ता तयार केला आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की तक्त्याबरहुकूमच चालायचे असेल तर कचेरी काय वाईट होती? मी स्वतः अडचणीत आहे. गेल्या महिन्यात वेल्ह्याच्या बाजूला ‘हा रस्ता कुठे जातो ते पाहू’ म्हणून आम्ही आत शिरलो आणि अंधारात, तिघांत मिळून एक दिवा व अर्धी बाटली पाणी अशा अवस्थेत बाहेर पडलो. मात्र त्याच रस्त्यावर एका ओढ्याकाठी बसून काढलेला तास मला अजून आठवतो. या मार्गाची माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगावे, की नेमके काय आधी ठरवले पाहिजे?

सडा_आणि_खाडी:
मी दापोली तालुक्यातला असून या रस्त्यांवर बरीच वर्षे सायकल चालवतो. आपल्या मित्राच्या तक्त्यातले चहाचे थांबे खुशाल खोडावेत, परंतु खाड्या खोडता येणार नाहीत. वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या तीन ठिकाणी आपल्याला फेरीबोटीनेच पलीकडे जावे लागेल. दाभोळला बोट काही मिनिटांत पार करते, पण तीच बंद असेल तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून अधिक वळसा पडतो. म्हणून आदल्या संध्याकाळी जेट्टीवर किंवा मुक्कामाच्या घरी फेऱ्यांच्या वेळा विचारून घ्याव्यात. नकाशात खाडीवर काढलेली तुटक रेघ वेळ सांगत नाही.

दुसरी गोष्ट चढांची. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, ही समजूत घाटावरून येणाऱ्या बहुतेकांची असते. प्रत्यक्षात रस्ता खाडीपर्यंत उतरतो, पुन्हा सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, चढतो, आणि हेच दिवसभर चालते. एकही चढ ताम्हिणीएवढा लांब नसतो, पण सामान लादलेल्या सायकलीवर असे सात-आठ चढ झाले की साठ किलोमीटरही पुष्कळ होतात. सड्यावर सावली नसते आणि मैलोन्‌मैल दुकानही दिसत नाही, त्यामुळे पाणी गावातच भरून घ्यावे. आपण उत्तरेकडून दक्षिणेकडे निघाला आहात हे उत्तम, कारण दुपारनंतर सुटणारा वायव्येचा वारा पाठीशी राहील.

मोबाइलवरचा नकाशा जवळची म्हणून जी वाट दाखवतो, ती पुष्कळदा जांभ्याची कच्ची वाट निघते. अशा वाटेला जरूर लागावे, मात्र सकाळी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे ध्यानात ठेवून दुपारी तीननंतर अनोळखी फाट्याला वळू नये, एवढा एकच नियम मी स्वतःपुरता पाळतो.

दोनशेचा_पल्ला:
मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करतो. तिथे मार्ग, ठरलेले थांबे आणि 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत, सारे आधीच ठरलेले असते. आश्चर्य वाटेल, पण मला सर्वांत मोकळे तिथेच वाटते, कारण पुढच्या फाट्यावर कुठे वळायचे याचा विचार डोक्यात राहत नाही. अर्थात आपली सहल म्हणजे ब्रेव्हे नव्हे, म्हणून माझी सूचना मर्यादित आहे: नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण ताम्हिणीत बराच वेळ रेंज नसते; आणि निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर बदलावेत, कारण ताम्हिणीतून विळे गावाकडे जाणारा उतार तीव्र आहे.

वारा_बघून:
मी आपल्या दुसऱ्या मित्राच्या पक्षाचा आहे, तरी वेल्ह्याच्या प्रसंगाचे समर्थन करणार नाही. न ठरवता निघणाऱ्यालाही काही हिशेब करावाच लागतो. तो फक्त कागदावर नसतो. पावसाळ्यात पुण्याहून न ठरवता निघताना मी आधी पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जातो, कारण सासवड-जेजुरीकडे वाऱ्याबरोबर उडत गेलेला माणूस परतताना रडकुंडीला येतो. दिवा, दोन ट्यूब, पंप आणि परतण्यापुरता दम शिल्लक असेल, तर वाट चुकली असे मी मानतच नाही. कोकणात आपल्याला परतायचे नाही, पुढेच जायचे आहे. म्हणून रोजचा पल्ला साठ-सत्तरच्या आत ठेवावा, म्हणजे भटकायला वेळ उरेल. तक्त्यात शंभर-शंभर किलोमीटर भरून ‘वाटेत आवडेल तिथे थांबू’ असे म्हणण्याला अर्थ नाही. पहिल्या दिवशी माणगावपर्यंत मात्र साधारण शंभर होणारच.

मोकळी_वाट:
सर्वांचे आभार. तक्त्यातून आता चहा काढला असून फेऱ्या आणि सूर्यास्त घातला आहे. एक शंका राहते: मुक्काम आधी नोंदवावेत का?

सडा_आणि_खाडी:
पहिल्या पंधरवड्यात येत असाल तर गावात पोहोचून विचारले तरी घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते; फक्त जेवणाचे दुपारीच फोन करून कळवावे, कारण येथे माणसे मोजून स्वयंपाक होतो. नाताळाच्या आठवड्यात मात्र हर्णे, गुहागर, गणपतीपुळे येथे खोली मिळेल या भरवशावर येऊ नये. परतीला रत्नागिरीहून रेल्वे धरणार असाल, तर सायकल लगेज म्हणून नोंदवण्याची चौकशीही आधीच करावी.