मदत हवी आहे: एकाच घरात एक मूल हडकुळं, दुसरं लठ्ठ

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची दोन मुलं. धाकटी चार वर्षांची. अंगणवाडीत पट्टी लावली तर दंडाचा घेर १२ सेंमी, म्हणजे मध्यम कुपोषित. थोरला नऊ वर्षांचा, त्याचं वजन मात्र भराभर वाढतंय. लोक म्हणतात, "त्यालाच खायला घालते." मला हे फार लागतं. पगार वीस तारखेला संपतो. मग भात, चहा-बिस्किट आणि पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी. पोट भरतं, पण डाळ, अंडं, भाजी नाही. धाकटी तेवढंही खात नाही.

रेशनकार्ड बीडकडच्या गावचं, प्राधान्य कुटुंबाचं. माणशी ५ किलो धान्य गावातच अडकलंय. 'एक देश एक रेशनकार्ड'मधून पुण्यात कुणी धान्य उचललंय का? दुकानदार नाही म्हणाला तर तक्रार कुठे करायची?

आणि ताई सकाळी सहाला घर सोडतात. थोरल्याला स्वतः घेता येईल असं, गॅस न लागणारं स्वस्त खाणं सुचवा. फुटाणे-शेंगदाणे सुरू केलेत. त्याला उपाशी ठेवायचं नाहीये, हे कृपया लक्षात घ्या.