मदत हवी आहे: तापली की बंद पडते, गॅरेजमध्ये नेली की गुणी बाळ

नमस्कार मंडळी,

गाडी २००६ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर). रनिंग १ लाख १८ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इतकी वर्षं निमूट चाललेल्या गाडीवरून कंपनीला बोल लावायला मला तोंड नाही.

दुखणं असं, की चालता चालता इंजिन गपकन बंद पडतं. अडीच महिन्यांत चारदा झालं. चारही वेळा दुपार, एसी चालू आणि किमान तासभर गाडी चाललेली. सकाळी ऑफिसला जाताना एकदाही नाही.

शेवटचा प्रसंग सविस्तर लिहितो, कारण त्यातच काहीतरी सापडेल असं वाटतंय. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, मागे आई आणि मावशी. खंबाटकीचा चढ, पुढे ऊस भरलेला ट्रक, मी दुसऱ्या गिअरमध्ये त्याच्या मागे. एकदम इंजिनचा आवाजच गेला. झटका नाही, मिसिंग नाही, धूर नाही. रेडिओ मात्र चालू. स्टिअरिंग दगडासारखं जड. ब्रेक पहिल्यांदा नीट लागला, दुसऱ्यांदा पेडल लाकडासारखं कडक. (इंजिन बंद पडलं की ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. उरलेल्यात एक-दोनदाच ब्रेक मऊ लागतो. म्हणून अशा वेळी पेडल पंप करू नका, एकदाच दाबून धरा आणि चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक व्हायचं.) कडेला घेतली, चाकांमागे दगड लावले. मावशीचा पहिला प्रश्न, “पेट्रोल भरलं होतंस ना रे?”

भरलं होतं. सेल्फ दणदणीत फिरत होता, बॅटरी उत्तम, पण इंजिन पकडेना. दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न केला, नाही. पंचवीस मिनिटांनी, कलिंगड खाऊन झाल्यावर, अर्ध्या चावीत चालू! तिथून साताऱ्यापर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत पुण्यापर्यंत काही कुरकुर नाही.

गॅरेजमध्ये आतापर्यंत झालेलं काम: प्लग, पेट्रोल फिल्टर, पंपाचा रिले आणि “सेन्सर” बदलला. एकूण ७,८५० रुपये. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. गॅरेजवाल्या काकांचं म्हणणं, “साहेब, बंद पडलेली असताना आणा, मग बघतो.” चूक नाही त्यांचं. पण बंद पडलेली गाडी आणू कशी?

आता ते कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) आणि टाकीतला पंप बदलू म्हणतायत, आणखी नऊ-दहा हजार. अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाहीये. माझ्याकडे साधा मल्टीमीटर आणि ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा) आहे. पुन्हा बंद पडली तर त्या वीस-पंचवीस मिनिटांत नेमकं काय तपासू?

प्रतिसाद १

विकून टाका. भंगारात बरे पैसे येतात हल्ली.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा. तीन प्रश्न:

बंद पडली तेव्हा गाडी गिअरमध्ये होती, म्हणजे चाकं इंजिनला फिरवत होती. त्या क्षणी आरपीएमचा काटा कसा पडला? हळूहळू वेगाबरोबर, की धाडकन शून्यावर?

चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागत होता का? इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या लॉकचा) दिवा लुकलुकत होता का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कोणता सेन्सर बदलला?

धागाकर्ता

काटा धाडकन शून्यावर. आता विचारल्यावर आठवलं, गाडी अजून पुढे सरकत होती आणि काटा पडलेला होता. चेक इंजिन नेहमीसारखा लागला, इमोबिलायझरचं काही नाही. बिलावर नुसतं “सेन्सर १ नग” लिहिलंय.

प्रतिसाद २

मग पेट्रोल बाजूला ठेवा. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी आचके देते आणि काटा इंजिनबरोबर खाली येतो. इंजिन फिरतंय आणि काटा शून्य, म्हणजे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये. ते सांगायचं काम क्रँक सेन्सरचं, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा फिरतोय का ते बघणाऱ्या सेन्सरचं. तो आंधळा झाला की ईसीयू स्पार्क आणि इंजेक्टर दोन्ही बंद करतो, पंपही. त्यामुळे पंपाचा आवाज येत नाही म्हणून पंपावर खापर फोडू नका. उलट चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद पंप गुणगुणला, तरी त्यावरून क्रँक सेन्सर ठीक आहे असंही ठरत नाही. ती दोन सेकंदं ईसीयू कोणालाही उधारीवर देतो.

पुढच्या वेळी बंद पडली की डोंगल लावा, लाइव्ह डेटात आरपीएम उघडा आणि सेल्फ मारा. दीडशे-दोनशेच्या आसपास आकडा दिसला तर सेन्सर निर्दोष, कॉइल बघा. सेल्फ फिरतोय आणि शून्यच, तर दोष सेन्सरचा, त्याच्या कपलरचा (वायर जोडायच्या प्लगचा) किंवा वायरचा. बॉनेट उघडायच्या आधी उत्तर मिळतं. डोंगल तुमच्या गाडीशी बोलतो ना, एवढं घरीच बघून ठेवा. ओबीडीची सक्ती आपल्याकडे २०१० नंतरची, तुमची त्याआधीची.

कोड नाही म्हणून हुरळू नका. पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड, पण क्षणात गेलेला आणि इंजिन थांबल्यावर गप्प झालेला सेन्सर बऱ्याच जुन्या ईसीयूंना “इंजिन बंद केलं” असाच वाटतो.

प्रतिसाद ३

मी पंचवीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. दोन सेन्सर असतात. कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) वर, इंजिनच्या हेडपाशी, हात घातला की निघतो. क्रँकचा खाली, गिअरबॉक्सच्या बेलपाशी किंवा पुलीपाशी, एक्झॉस्टच्या उष्णतेत, आणि काढायला गाडी वर घ्यावी लागते. बहुतेक तुमचा वरचा बदललाय. खाली वाकून बघा. बोल्टवरचा चिखल सांगेल कोणाचा हात लागलाय ते.

क्रँकचा सेन्सर दोन वायरचा असेल तर आत गुंडाळी आणि चुंबक असतं. गुंडाळीची तार तापली की पसरते, कुठेतरी तुटलेली असेल तर तिथे सुटते, थंड झाली की परत चिकटते. तुमची पंचवीस मिनिटं तीच. तीन वायरचा असेल तर तो हॉलचा (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला), त्याला ओहम लावू नका. त्यातून काही कळत नाही, उलट बिघडू शकतो.

धागाकर्ता: अपडेट

रविवारी खाली शिरलो. वरचा सेन्सर नवाकोरा, चकचकीत. खालच्यावर ऑइल आणि मातीचा बोटभर थर, दहा नंबरच्या बोल्टवर गंज. २००६ पासून त्याला कोणी शिवलेलं नाही. दोन वायरचाच आहे. म्हणजे काकांनी सेन्सर बदलला होता, खोटं नव्हतं. फक्त हात पोचला तो बदलला.

काढायला दीड तास गेला. गंजस्प्रे मारून रात्रभर सोडला, हळूहळू फिरवून उपसला. टोकावरच्या चुंबकाला लोखंडाच्या भुकटीची दाढी आली होती.

बंद पडायची वाट बघायला घाटात जायचं मन होईना, म्हणून स्वयंपाकघरात घाट केला. सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात, दोन पिना बाहेर मल्टीमीटरला. (पातेलं आता गाडीचं झालं, बायकोने जाहीर केलंय.) थंड असताना ८९० ओहम. पाण्यात हळूहळू ९५०, १,०००, १,०६०. इथपर्यंत मी घाबरलो नव्हतो, कारण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतोच. १,०८० च्या आसपास आकडा थरथरला आणि मीटरवर थेट ओपन, म्हणजे आत तार सुटलेली. बाहेर काढून पंख्याखाली ठेवला, एकोणीस मिनिटांनी ९४० वर परत आला. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तसंच.

नवीन आणला, १,३५० रुपये. त्यालाही आधी पातेल्यात घातलं: ९१० वरून १,१५० पर्यंत चढला आणि तिथे शांत बसला. ओ-रिंगला ऑइलचं बोट लावून बसवला, कपलर क्लीनरने धुतला, वायर एक्झॉस्टपासून लांब बांधली. काल भर दुपारी एसी लावून खंबाटकी चढून आलो. एकटाच गेलो होतो, मावशीला या प्रयोगात घ्यायचं धाडस नव्हतं. तासाभराच्या रनिंगनंतर चढ विनातक्रार पार.

एक शंका उरली आहे. वरचा कॅम सेन्सर नवा बसलाय, पण जुना चांगलाच असणार. काकांच्या डब्यात तो अजून पडलेला आहे म्हणे. तो परत मागून जपून ठेवावा, की बसलेला नवा तसाच राहू द्यावा आणि जुन्याचा नाद सोडावा? आणि प्रतिसाद ३ वाले दादा, त्या चुंबकावर आलेली भुकटी कुठली? फ्लायव्हीलची रिंग (सेल्फचे दाते जिला फिरवतात ती) घासतेय का, की इतक्या वर्षांत एवढी येतेच?

प्रतिसाद ३

जुना मागून घ्या, डिकीत टाका. आणि भुकटी सेल्फच्या दात्यांची. सेल्फ मारताना करकर आवाज येत नसेल तर एवढ्या वर्षांत तेवढी येतेच.