बायसेक्ट करा, पण दुपारच्या उन्हात नको

लिनक्सच्या नव्या कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) वायफाय बंद पडलं, तर दोषी कमिट, म्हणजे कोडमधला नोंदवलेला बदल, कसा शोधायचा, असं एकाने विचारलंय. कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधलं 'गिट बायसेक्ट' वापरा. ते मधल्या कमिटवर नेतं, तुम्ही तो कर्नल बिल्ड करून (कोडपासून तयार करून) तपासायचा आणि 'गुड' किंवा 'बॅड' शेरा द्यायचा. दर फेरीत उरलेले कमिट्स निम्मे होतात, म्हणून 15,000 कमिट्सनाही साधारण 14 बिल्ड पुरतात. आधी जुन्या, चालत्या कर्नलवर प्रिंटर-डोंगल सगळं जोडून 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही बिल्डमध्ये काय घ्यायचं ते ठरवणारी आज्ञा द्या. त्या क्षणी लोड नसलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरसारखा कर्नलचा सुटा भाग) त्यात गळतं. बिल्डच फुटलं तर शेरा 'बॅड' नाही, 'स्किप' (वगळा). एक शेरा चुकला की पुढचा सगळा शोध भलतीकडे जातो.

आणि नागपुरात मे महिन्याच्या 45 अंशांत लॅपटॉपवर प्रोसेसरचे सगळे कोअर बिल्डला जुंपू नका. कंपायलर (कोडचा प्रोग्रॅम बनवणारा) दर वेळी वेगळ्याच फाइलवर सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीने बंद पडणं) देत असेल तर संशय कोडवर नको, रॅम आणि तापमानावर घ्या. एका वेळी चालणारे बिल्डचे जॉब निम्मे करा, बिल्ड रात्री लावा.