'छायेतून बाहेर' की 'सावटातून बाहेर'?

गवतीचहा: एका छोट्या अंकासाठी 'क्रीड ३' या, जुन्या 'रॉकी' सिनेमांच्या मालिकेतून निघालेल्या बॉक्सिंग ड्रामावर लिहीत होते. माझं वाक्य होतं: "हा सिनेमा रॉकीच्या छायेतून बाहेर पडला आहे." संपादकांनी 'छायेतून' खोडून 'सावटातून' केलं. वाद नको म्हणून आईला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "सावलीतून उठून उन्हात कोण जातं गं? काय झालंय त्याला?"

आता मला दोन्ही शब्द खोटे वाटायला लागलेत. मूळ कल्पना इंग्रजीतली आहे हे मान्य, पण मराठीत हे म्हणायचं तरी कसं?

नानाकाका: आईंचं बरोबर आहे. आपल्याकडे ऊन हा शत्रू, सावली हा आसरा. छत्रछाया, मायेची सावली, 'आपल्या कृपाछायेखाली'. बाप गेला की 'पितृछत्र हरपले' छापतात, 'पोरगा छत्राबाहेर पडला' असं अभिनंदन कुणी करत नाही. थंड देशातल्या माणसाला सावलीतून बाहेर यावंसं वाटतं, कारण त्याला ऊन हवं असतं. 'सावट' तर अगदीच चूक. सावट दुष्काळाचं, युद्धाचं, साथीचं. रॉकी काय दुष्काळ आहे?

अर्धविराम: सावली म्हणजे आसराच, हे कुणाच्या अनुभवातलं? पेशवाईतल्या पुण्यात माणसांच्या सावलीचा विटाळ व्हायचा. 'त्याची सावलीसुद्धा अंगावर पडू देऊ नकोस' हे मी लहानपणी स्वतःबद्दल ऐकलंय, मराठीतच. तेव्हा 'आपल्याकडे' म्हणताना जरा जपून.

नानाकाका: मान्य. माझं 'आपल्याकडे' फार छोटं निघालं.

शेंगदाणा: 'वडाच्या सावलीत दुसरं झाड वाढत नाही' हे तर गावोगाव म्हणतात. म्हणजे कल्पना आपल्याकडेही आहे, फक्त झाडामार्फत येते. 'रॉकी नावाच्या वडाखालून' असं लिहा.

जुनापट्ठा: आमच्याकडे याला सोपं बोलणं आहे. तालमीत पोरगा आधी 'अमक्या वस्तादांचा पट्ठा' असतो. मैदानात पुकारतानाही तसंच पुकारतात. मग एक दिवस असा येतो की लोक वस्तादालाच 'त्या अमक्याचा वस्ताद' म्हणायला लागतात. झालं! सावली नको, छाया नको. लिहा, 'क्रीड आता स्वतःच्या नावावर लढतोय.' पहिल्या भागात नेमकं हेच नव्हतं का? तो आधी जॉन्सन या आडनावानं लढतो, 'क्रीड' हे बापाचं नाव लपवून.

गवतीचहा: हे फार आवडलं. पण त्यात एक गोची आहे. २०१५ आणि २०१८च्या दोन्ही भागांत रॉकी गुरू म्हणून सोबत असतो. २०२३च्या तिसऱ्यात तो दिसतच नाही. १९७६पासूनच्या मालिकेत रॉकी साकारणारा सिल्व्हेस्टर स्टॅलोन पडद्यावर नसलेला हा पहिलाच सिनेमा. दिग्दर्शनही क्रीड साकारणाऱ्या मायकल बी. जॉर्डननं स्वतः केलंय, तेही पहिल्यांदाच. म्हणजे ही पात्राची गोष्ट नाही, सिनेमाची आहे. सिनेमाला 'स्वतःच्या नावावर लढतो' चालेल?

जुनापट्ठा: न चालायला काय झालं? सिनेमा पडतो, चालतो, आपटतो, मग लढेना का.

टिंबटिंब: व्युत्पत्तीकडे कुणी बघणार का? सावट हे सावलीचंच भावंडं असणार. सावलीला 'ट' लागला की ती वाईट होते. तेलकट, मळकट, सावट.

अर्धविराम: चिकट, फुकट, पोपट. 'भावंडं' नाही, एकच आहे तेव्हा 'भावंड'. मोल्सवर्थचा शब्दकोश उघडा, मग बोलू.

टिंबटिंब: उघडा म्हणणाऱ्यानं उघडावा.

शुद्धमती: मुळात 'बॉक्सिंग ड्रामा' लिहूच नका. 'मुष्टियुद्धपट' म्हणा.

जुनापट्ठा: ताई, मी सहा वर्षं बॉक्सिंग केलं. 'चल, मुष्टियुद्धाला जाऊ' असं एकही पोरगा म्हणाला नाही. आरशासमोर तीन-तीन मिनिटांचे राउंड 'शॅडो' करायचो. त्यालाही मराठी काढणार का? छायामुष्टी?

शुद्धमती: का नाही? शब्द वापरल्यानं रुळतो. विमानतळालाही लोक आधी हसलेच असतील.

शेंगदाणा: पण गंमत बघा, शॅडो करणारा स्वतःच्याच सावलीशी लढतो. आणि 'क्रीड ३'ची गोष्ट तीच आहे की! डेमियन म्हणजे लहानपणीचा मित्र, जो तुरुंगात गेला आणि क्रीड बाहेर राहून मोठा झाला. तो परत येतो. शेवटच्या लढतीत डॉजर स्टेडियममधले सगळे प्रेक्षकच गायब होतात, रिंगणात दोघंच उरतात.

गवतीचहा: थांबा, मला हेच सापडत नव्हतं. सिनेमात सावल्या दोन आहेत. रॉकीची ती छाया: तिच्यात वाढला, तिचं देणं आहे. डेमियनचं ते सावट: आयुष्यभर डोक्यावर होतं, बघायचं टाळलं. संपादकांचा शब्द बरोबर होता, फक्त माणूस चुकला.

नानाकाका: मग 'रॉकीची छाया नाही, म्हणून जुनं सावट दिसलं' असं काहीतरी करा. 'बाहेर पडणे' काढूनच टाका. खरी अडचण त्या क्रियापदात आहे.

अर्धविराम: मथळा 'शून्य सावली' द्या. मे महिन्यात पुण्या-मुंबईत भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तो दिवस. सावली असतेच, पण पायाखाली.

शुद्धमती: मथळा छान. पण मजकुरात 'पंच' लिहिलात तर पंच म्हणजे निर्णय देणारा की मारलेला? तिथे 'ठोसा'च हवा.

टिंबटिंब: ठोसा पुस्तकी. आमच्याकडे गुद्दा.

जुनापट्ठा: गुद्दा पाठीत घालतात. समोरून तोंडावर येतो तो ठोसा.

शेंगदाणा: आणि बुक्की?

गवतीचहा: अहो, माझं वाक्य उद्या द्यायचंय...

नानाकाका: बुक्की वरून खाली येते. कांदा बुक्कीनं फोडतात, गुद्द्यानं फोडून दाखवा.

टिंबटिंब: आमच्याकडे गुद्द्यानंच फोडतात. कुठल्या जिल्ह्यातले तुम्ही?