बीटचा स्टिअरिंग रॅक ऑनलाइन घ्यायचाय, एकदा फसलेय. मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. जरा घाईत लिहितेय, कारण विकणारा "आज पैसे टाका, नाहीतर पार्ट दुसऱ्याला देतो" म्हणतोय.

गाडी वडिलांची, २०१२ ची शेव्हरले बीट डिझेल. आईला आठवड्यातून दोनदा तासगावहून सांगलीला फिजिओथेरपीला न्यावं लागतं, ते याच गाडीतून. खड्ड्यातून गेली की स्टिअरिंगखाली ठक ठक वाजतं. आमचे मिस्त्री म्हणाले, रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दांडा) गेलाय, बदला. पण जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री बंद केली, तळेगावचा कारखानाही डिसेंबर २०२० मध्ये थांबला. सांगलीतली चार दुकानं फिरले, रॅक नाही. म्हणून फोनवर शोधायला लागले.

जुन्या पार्टच्या एका ग्रुपवर एकाने फोटो टाकला होता. लाल फरशीवर ठेवलेला रॅक, बाजूला निळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. सात हजार सांगितले, अडीच हजार ॲडव्हान्स दिले. दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचा, फोटो आला आणि "आता उरलेले टाका" सुरू झालं. मी नको म्हटल्यावर म्हणाला, पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. वडील शेजारी बसले होते. म्हणाले, पैसे आपल्याला यायचेत तर पिन कशाला? तिथेच थांबले म्हणून बाकीचे वाचले. मग त्याने नंबर ब्लॉक केला. चार दिवसांनी तीच लाल फरशी, तोच स्क्रू ड्रायव्हर, वेगळ्या नावाच्या जाहिरातीत दिसला, आणि तिथे रॅक दुसऱ्याच गाडीचा म्हणून लिहिलेला.

आता दुसरा विक्रेता सापडलाय. दिल्लीत कश्मीरी गेटला दुकान आहे म्हणतो. साडेनऊ हजार, सगळे आधी. जीएसटी नंबर दिलाय, तो २७ ने सुरू होतो. याच्यावर विश्वास ठेवावा का? बाहेरच्या देशातल्या साइटवर बीटचाच म्हणून "स्पार्क"चा रॅक दिसतो, तो चालेल का? आणि गेलेले अडीच हजार मिळतील का?

नानापेठी: ताई, एक रुपया टाकू नका. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. २७ म्हणजे महाराष्ट्र, दिल्लीचा ०७. जीएसटीच्या सरकारी साइटवर नंबर टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, दोन्ही दिसतं. नाव जुळलं तरी तेवढ्यावर जाऊ नका, खऱ्या दुकानाचा नंबर उचलून आपला म्हणून देणारे आहेत. यूपीआयवर पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव दिसतं, ते दुकानाशी जुळतंय का बघा. व्हिडिओ कॉल लावा. पार्टवर कोरलेला नंबर जवळून दाखवायला सांगा, शेजारी कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून. ज्याच्या हातात पार्ट आहे त्याला याला दोन मिनिटं लागतात.

बिल्टीचं म्हणाल तर ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर स्वतः शोधून फोन करायचा, बिल्टीवर छापलेला लावायचा नाही.

घाटमाथा: स्पार्कचं नीट समजून घ्या. आपली बीट बाहेर स्पार्क नावानेच विकली गेली, पण अमेरिका-कोरियात स्टिअरिंग डावीकडे. तो रॅक आपल्या गाडीला बसणार नाही. आणि आपल्याकडे स्पार्क नावाने जी गाडी होती ती वेगळी, जुनी. ऑर्डर देताना नुसतं गाडीचं नाव पुरत नाही. आरसीवरून १७ अक्षरांचा चेसिस नंबर घ्या आणि जुन्या पार्टवरचा नंबर जुळवा.

सायबर_मदत: अडीच हजारांसाठी आजच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाका. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, बिल्टीचा फोटो, सगळं जोडा. पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, त्यामुळे बँक देईलच असं नाही. पण खात्यात काही उरलं असेल तर ते गोठवता येतं. पहिल्या तासाभरात कळवलं असतं तर शक्यता जास्त होती, तरी तक्रार सोडू नका. जाहिरातवाला अजून तोच फोटो फिरवतोय ना? तेही लिहा.

उद्यमनगर: जरा वेगळं विचारतो. मिस्त्रींनी गाडी वर घेऊन चाक हलवून बघितलं का? ठक ठक रॅक एंडची, टाय रॉड एंडची (हे रॅक आणि चाक जोडणारे सांधे) किंवा रॅकच्या आतल्या बुशची, म्हणजे दांड्याला आधार देणाऱ्या कडीची, असू शकते. हे पार्ट सुटे मिळतात. जुना खोललेला रॅक मागवलात तर त्याच्या आतला प्ले, म्हणजे ढिलेपणा, फोटोत दिसत नाही, आणि स्टिअरिंगच्या बाबतीत असला जुगार मी कुणाला खेळू देणार नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात दाखवून घ्या, मगच पैशांचं बघा.

मूळ धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. दिल्लीवाल्याला व्हिडिओ कॉलचं म्हटलं, तर "माल गोदामात आहे" आणि तासाभरात नंबर बंद.

१९३० ला तक्रार नोंदवली, क्रमांक मिळालाय. पैशांचं अजून काही नाही.

आज कोल्हापूरला गेलो. तिथल्या काकांनी गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि मला खाली वाकून बघायला लावलं. डाव्या बाजूचा रॅक एंड सॉकेटमध्ये नुसता लडबडत होता. रॅक चांगला आहे. रॅक एंड, बुश आणि अलाइनमेंट धरून तीन हजार दोनशे झाले, बिलासकट. जुना पार्ट मागून घेतला, मिस्त्रींना दाखवणार आहे.

वडील उद्या आईला घेऊन सांगलीला जातायत. तक्रारीचं काही कळलं की इथेच लिहीन.