विषय: थंडीत पोरांना घेऊन जायचं कुठे?

प्रेषक: बारहेवन (मंडळाची नवीन सभासद)

सस्नेह नमस्कार. आम्ही सप्टेंबरात नाशिकहून कॅनडात ऑटवाला आलो. इथल्या सगळ्यांसारखं मीही नावाऐवजी आपल्या भागाचंच नाव लावलंय. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच, आणि मार्चपर्यंत सासूबाईही इथेच आहेत. नाताळच्या सुट्टीत तीन मॉल झाले, त्यातला एक दोनदा. आता मॉलचं नाव काढलं की मुलं पोटात दुखतंय म्हणतात.

खिडकीतून बर्फ छान दिसतो. पण फोनवर उणे अठरा बघितलं की घातलेले बूट परत काढून ठेवतो. काल सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब विमानानं येऊन मी चार भिंतीच बघायच्या का?" स्केटिंग, स्कीइंग आमच्यापैकी कुणालाही येत नाही. आजीपासून बालवाडीपर्यंत सगळ्यांना जमेल आणि खिशालाही झेपेल असं काही आहे का?

प्रेषक: नेपियन

वहिनी, सोपं आहे. हॉल घ्या, हाउजी लावा, वर मिसळ. हीटर चालू, पोरं खूष. १९ वर्षं हेच करतोय आणि एकदाही सर्दी झालेली नाही.

प्रेषक: कनाटा (काका)

नेपियनकरांच्या मिसळीबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, १९ वर्षं ऑटवात राहून कॅनॉलवर पाय न ठेवणं म्हणजे नाशकात राहून गोदाकाठ न बघण्यासारखं आहे.

मी आलो तेव्हा पहिला हिवाळा आम्हीही गोधडीत काढला. दुसऱ्या वर्षी शेजारच्या म्हाताऱ्यानं दार वाजवलं, हातात जुन्या स्केट्सची जोडी. म्हणाला, चल. मला वाटलं तासाभराचं काम असेल, अंधार पडल्यावर परत आलो.

रिडो कॅनॉल हा कर्नल जॉन बाय यानं बांधून घेतलेला, १८३२ साली खुला झालेला बोटींचा कालवा. २००७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. थंडीत त्याचाच शहरातला ७.८ किलोमीटरचा पट्टा गोठतो आणि १९७१ च्या जानेवारीपासून तिथे लोकांसाठी स्केटिंग चालतं. तिकीट नाही, वेळेची चिठ्ठी नाही. पायऱ्या उतरायच्या, बाकावर बसून नाड्या बांधायच्या आणि सुटायचं. काही जण तर दप्तर पाठीला लावून त्यावरूनच ऑफिसला जातात.

पण कॅनॉलचा भरवसा धरू नका. बर्फ साधारण ३० सेंटिमीटर जाड झाल्याशिवाय उघडत नाहीत, आणि त्यासाठी सलग दहा-पंधरा दिवस कडाक्याची थंडी लागते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो एक दिवसही उघडला नाही, सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. पुढच्या वर्षीही थोडेच दिवस मिळाले. म्हणून उणे अठरा बघून हळहळू नका. इथला जुना माणूस जानेवारीत थंडी मागतो, जून सरला की आपण पाऊस मागतो तशी. कॅनॉलवर झेंडा लावतात: हिरवा म्हणजे चला, लाल म्हणजे गपगुमान घरी.

शिकायला आधी गल्लीतल्या रिंकवर जा. बागेत फळ्या लावून, रात्री पाइपनं पाणी मारून शेजारपाजारचेच लोक ती बनवतात. नाड्या बोटांपाशी सैल, घोट्यापाशी घट्ट. पाय बदकासारखे फेंगडे, गुडघे वाकलेले. आणि मुलांना आधी पडायला शिकवा, मग चालायला. पडायचं ते कुशीवर, नि पडल्या पडल्या बोटं मुठीत घ्यायची, कारण मागून येणाऱ्याच्या पायात पातं असतं. हेल्मेट हवंच, मोठ्यांनीही घाला. माझी कवटी नेपियनकरांइतकी टणक नाही म्हणून मीही घालतो.

प्रेषक: ओरलीन्स (ताई)

काकांचं सगळं बरोबर, पण कपड्यांचं त्यांनी सोडलंच, कारण ते खटलं काकू बघतात.

अगं, सुती काही नको. घाम आला की सुती कापड ओलं राहतं आणि मग तेच थंडी लावतं. अंगाला थर्मल, वर लोकर किंवा फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा पोरांना मिटन (अंगठा वेगळा, बाकी चार बोटं एकत्र) घाल, बोटं एकमेकांना ऊब देतात. आणि एक जोडी खिशात जास्तीची, कारण पहिली ओली होणारच.

पायमोज्यांची चूक मी स्वतः केलेली आहे. पहिल्या वर्षी लेकीला थंडी वाजेल म्हणून स्केटमध्ये दोन जाड मोजे कोंबले. पंधरा मिनिटांत रडायला लागली, पाय बधिर. मोजे दोन झाले की स्केट आवळतो, रक्त खेळत नाही, आणि पाय उलट लवकर गारठतात. लोकरीचा एकच पातळ मोजा पुरतो. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरट चट्टा दिसला तर चोळू नकोस. आत ने आणि उबदार तळहात नुसता टेकव.

आणि स्केटिंगच कशाला? आमच्याकडे ग्रीन्स क्रीकची टेकडी आहे, प्लास्टिकची घसरगाडी घेऊन ये. पाय पुढे करून बसायचं, डोकं पुढे करून पालथं कधीच नाही. चढताना कडेनं चढायचं. दहा वेळा चढली की पाच वर्षांचं पोर रात्री साडेसातला झोपतं, यासाठीच मी जाते.

बर्फाचा माणूस मात्र उणे अठराला होत नाही, बर्फ रव्यासारखा भुरभुरीत असतो, लाडू वळत नाही. शून्याच्या आसपास आला की तूप घातल्यासारखा वळतो. कडक थंडीत साबणाचे फुगे काढा, ते गोठताना त्यांच्यावर पिसांसारखी नक्षी उमटते. माझी मोठी आता चौदाची, पण त्यासाठी अजून बाहेर येते.

प्रेषक: बारहेवन

काका, ताई, खूप आभार. दोन प्रश्न, दोन्ही सासूबाईंचे. बर्फ फुटला तर खाली पाणी किती? आणि गुडघे दुखतात, मग त्यांनी काठावर उभं राहून काय करायचं?

प्रेषक: कनाटा (काका)

आजींना सांगा, बोटींचा मोसम ऑक्टोबरात संपला की कॅनॉलचं बरंचसं पाणी सोडून देतात, उन्हाळ्याइतकं राहत नाही. आणि हिरव्या झेंड्याआधी माणसं रोज भोकं पाडून जाडी मोजतात. काठावर उभं राहायचं काही कारण नाही. साध्या बुटांनी चालायला परवानगी आहे, फक्त कडेकडेनं. बुटाला खाली खिळ्यांचे रबरी पट्टे चढवा आणि हातात काठी द्या. डाऊज लेकच्या (कॅनॉलचाच तळ्यासारखा रुंद भाग) बाजूनं उतरलात तर मोकळं मिळतं.

प्रेषक: सचिव

मंडळी, ठरवून टाकूया. संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार, सकाळी साडेदहा, डाऊज लेक. लाल झेंडा असला तर ग्रीन्स क्रीक. तिळगूळ प्रत्येकानं आपापला आणावा. काळे कपडे घाला म्हणून सांगायची गरज नाही, इथे सगळ्यांची जाकिटं काळीच असतात. हाउजी फेब्रुवारीत, हॉलमध्ये, नेपियनकरांच्या देखरेखीखाली.

प्रेषक: बारहेवन

शनिवारचा वृत्तान्त. उशीर झाला, कारण रविवारी आम्ही सगळे झोपून होतो.

झेंडा हिरवा होता! मुलगा आठवडाभर गल्लीतल्या रिंकवर जाऊन आला होता, तो ताईंच्या मुलांबरोबर कुठल्या कुठे गेला. धाकटी माझा हात धरून दहा पावलं चालायची, मग बसायची, मग म्हणायची "मी पडले नाही, बसले." मी स्वतः किती वेळा बसले ते विचारू नका.

सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली. माझी स्नोपँट, वर ह्यांचं जाकीट, डोक्याला मफलर, त्यावर टोपी. ओळखू आल्या त्या फक्त चष्म्यावरून, तोही श्वासाच्या वाफेनं पांढरा झालेला. पहिली पाच मिनिटं बर्फावर पाय टाकायला तयार नव्हत्या, कारण खालून आवाज आला, पाण्याची टाकी रिकामी होताना येतो तसा, घुमून. काका म्हणाले, "बर्फ आवाज करतो म्हणजे जिवंत आहे, तो बोलतोय." सासूबाई म्हणाल्या, "बोलू दे, पण माझ्याशी नको." मग काकूंनी एक हात धरला, ह्यांनी दुसरा, आणि बघता बघता पुलाखालून जाऊन आल्या. खिळ्यांचे कच्‌कच्‌ आवाज ऐकत एकदा वाकल्या आणि बर्फात अडकलेलं एक मेपलचं पान बोटानं दाखवलं, अख्खं, शिरांसकट, काचेखाली ठेवल्यासारखं. त्या पानापाशी आम्ही चांगली दहा मिनिटं उभे होतो.

तिळगुळाची मात्र फजिती. मी लाडू केले होते आणि डबा पाठीवरच्या पिशवीत. उणे सतरात ते असे झाले की सचिवांनी चावला आणि दोन्ही हातांनी गाल धरला. ताईंनी मऊ वड्या आणल्या होत्या, त्याही जाकिटाच्या आतल्या खिशात. पुढच्या वर्षी मीही वड्याच करणार.

तिथून सगळे काकांच्या अंगणात. त्यांनी मेपल सिरप ११२-११३ अंशांपर्यंत आटवलं आणि ट्रेमध्ये दाबून भरलेल्या ताज्या बर्फावर त्याच्या धारा सोडल्या. काडीनं गुंडाळायचं आणि चोखायचं. काका मुलांना सांगत होते, झाडाचा साधारण ४० लिटर रस आटला की १ लिटर सिरप होतं. सासूबाईंनी एक थेंब बर्फावर टाकून दोन बोटांत दाबला आणि म्हणाल्या, "हा चिक्कीचाच पाक, जरा कच्चा काढलाय." काकांचा थर्मामीटर बाजूला पडला, पुढचे तीन घाणे सासूबाईंनीच उतरवले.

आता घरी रोज विचारतात, झेंडा कुठला आहे.

प्रेषक: नेपियन

फोटो बघितले. माझ्या मापाचे, दहा नंबरचे स्केट्स कुणाकडे पडून आहेत का? सहज विचारतोय.

प्रेषक: सचिव

दहा नंबर माझ्याकडे आहेत, येऊन घेऊन जा. माझी दाढ आता बरी आहे, विचारल्याबद्दल आभार. डाऊज लेकच्या बाकावर एक स्टीलचा डबा (झाकणावर "कुलकर्णी" कोरलेलं, पण आपल्यात पाच घरं कुलकर्णी आहेत) आणि लहान मुलाचं लाल मिटन, डाव्या हाताचं, सापडलं आहे. उजव्या हाताचं कुणाकडे असेल तर कळवा.